पांढरं आणू नको

१२ ऑक्टोबर
दुपारी नेगीचा फोन. सोयाबीनची मळणी चालू, मशीनच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून लांब बांधावर जाऊन बोललो. आवाज खोल गेलाय गड्याचा. मधे मधे थांबून दम घेतो. डॉक्टरनं सांगितलंय म्हणला, औंदाचा हिवाळा वर किन्नौरच्या बर्फात काढू नका, छाती साथ देणार न्हाई. पोरगा चंदीगडला बोलवून राहिला. याला ते नको. चौथ्या मजल्यावर बसून करू काय, म्हणतो.
मी म्हणलं, मग इकडं ये. माझ्या घराला दुसरा मजलाबी न्हाई.
हसला. हसता हसता खोकला. आन् मग फौजीसारखा पहिला सवाल, तिकडं घालतात काय?
म्हणलं, आत्ता आलास तर बनियन. ऑक्टोबरचं ऊन उन्हाळ्यापेक्षा वाईट, अंगाला चिकटतं. दिवाळी झाली की ये.

१३ ऑक्टोबर
रात्री बायकोला सांगितलं, नेगी येईल कदाचित. कमलनं त्याला कधी पाहिलं न्हाई, पण नाव लग्न झाल्यापासून ऐकून राहिली. म्हणली, तो मोज्याचा?
व्हय, तो मोज्याचा. पहिल्यांदा वर बर्फात बदली झाली तवा मी आमच्या हट्टा गावाहून सुती स्वेटर घालून गेलतो. आईनं मोठ्या हौसेनं घेऊन दिलेला. सरकारी गरम कपडे हातात पडायला अजून येळ होता. आमी दोघं फौजेत, एकाच कंपनीत ड्रायव्हर. माझे पाय निळे झालेले बघून यानं सोताच्या पायातले लोकरीचे मोजे काढून दिले. त्याच्या आईनं विणलेले. नाव-गाव नंतर इचारलं.
तवापासून मी त्याला घर दाखवीन दाखवीन म्हणून राहिलो. त्याची बायको शांती होती तवा दोघं निघायचं नक्की बी झालतं एकदा. मग ती आजारी पडली. गेली त्याला आता दुसरं वर्ष.

२ नोव्हेंबर
ने. ला फोन केला. थंडीचे कपडे कसे आणायचे ते समजावलं. सकाळी मफलर, अर्धा स्वेटर. नऊ वाजले की मफलर काढायचा, अकराला स्वेटर. दुपारी सदरा बी नको वाटतो. दिवस मावळला की उलट क्रमानं सगळं परत अंगावर.
म्हणला, म्हणजे दिवसभर कपडेच काढत-घालत बसता का तुमी लोक?
बराबर बोलला. कमल ऐकून राहिली होती. तिचं म्हणणं, माकडटोपी आणायला सांगा, कान बांधले की अर्धी थंडी गेली. तिला म्हणलं, अगं तो बर्फातला माणूस. तर म्हणती, कान तर आपल्यासारखेच असतील ना.

१४ डिसेंबर
आला न्हाई. आधी सफरचंदाच्या झाडाचं काम राहिलंय म्हणला, मग छपराचं, आता रस्ता बंद. राग आला मला. येयचंच न्हाई तर कपडे काहून इचारतो?
इकडं सकाळचा गारठा लई वाढलाय. पारावर सगळे शाली पांघरून, नुसते डोळे दिसून राहिलेत. शेकोटीपाशी मी सांगितलं की माझा दोस्त याला उन्हाळा म्हणल. कुणाला पटलं न्हाई.
हळद अजून हिरवी उभी. पानं आता पिवळी पडायला लागतील.

९ जानेवारी
ने. चा फोन लागत न्हाई. कालबी न्हाई, परवाबी न्हाई.

१२ जानेवारी
त्याच्या पोराचा फोन आला. म्हणला, अंकल, पप्पांना खाली चंदीगडला आणलंय. दम लागून पडले होते, शेजाऱ्यांनी बघितलं म्हणून बरं. दवाखान्यातून घरी सोडलंय, जिवाला धोका न्हाई.
मग ने. नं फोन घेतला. चार शब्द बोलला. खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसती म्हणला.
मला दिवसभर काही गोड लागलं न्हाई. असा माणूस न्हाई तो. हा गडी घाटात गाणी म्हणत गाडी चालवायचा. त्याला इकडं आणायचाच. मनाशी पक्कं केलं आज.

२० फेब्रुवारी
तिकीट निघालं! पोरानंच काढलं. मार्चच्या मधात येतो. पोरगा चांगला आहे, उगाच मी त्याच्यावर चिडून होतो. डॉक्टर बी हो म्हणला, कोरडी हवा मानवंल.
संध्याकाळी ने. ला सगळं नीट सांगितलं. लोकरीचं काहीबी नको. सुती, ढिलं, पूर्ण बाहीचं. उन्हात हात उघडे टाकायचे न्हाईत. पांढरं सगळ्यात बरं, ऊन कमी लागतं. पहाटे अंगावर घ्यायला एक पातळ चादर, होळीपर्यंत लागती. पायात उघडी चप्पल. डोक्याला रुमाल मी देतो. पाणी पीत राहायचं.
म्हणला, येस सर.
आज लई हलकं वाटून राहिलं.

१५ मार्च
नांदेडला घ्यायला गेलो. अमृतसरची गाडी लेट. उतरला तर अंगात कोट, डोक्यावर त्याच्याकडची ती लोकरी टोपी, हिरव्या पट्टीची, आन् घामानं निथळून राहिला. अर्धा झालाय माणूस. मिठी मारली तवा बरगड्या हाताला लागल्या. डोळ्यात पाणी आलं माझ्या, त्याच्याबी. मग दोघंबी ऊन किती आहे यावरच बोलत राहिलो.
एसटीत खिडकी दिली. वसमतच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगाला हळद वाळत घातलेली, हळद शिजवायच्या कुकरची वाफ, वास. सारखा हे काय ते काय इचारत होता. टोपी काही काढीना.
घरी कमलनं पाय धुवायला पाणी दिलं. याला वाटलं प्यायला. पिऊन टाकलं अर्धं.

१६ मार्च
आज मोठा घोळ झाला.
पहाटेच मी शेतात गेलतो, कुकर आपल्या नंबराला आलेला, हळद शिजवायची घाई. दहाच्या सुमाराला बघतो तर पाऊलवाटेनं हा येऊन राहिला. आंघोळ केलेली, केस बसवलेले, अंगात पांढराशुभ्र कुर्ता, पांढरा पायजमा. सगळ्या बाया काम थांबवून बघायला लागल्या. त्यांच्या अंगात लुगड्यावरून नवऱ्याचे जुने शर्ट, तोंडाला फडकी, कोपरापर्यंत पिवळ्या. त्यात हा असा.
मी हाक मारायच्या आत त्यानं शिजलेल्या हळदीचं टोपलं उचललं. फौजी माणूस, काम दिसलं की हात घालणारच. टोपलं छातीशी धरून थेट खळ्यापर्यंत नेलं. खाली ठेवलं तवा कुर्ता पुढून सगळा पिवळा.
बाया हसल्या. एकजण म्हणली, पाहुण्याला या वयात हळद लागली. मी त्याला अर्थ सांगितला, आमच्यात नवरदेवाला लावतात म्हणून. तो हसला न्हाई. खाली बघत राहिला.
मी ऊन सांगितलं, वारा सांगितला, चप्पल सांगितली. हळदीच्या दिसात पांढरं आणू नको एवढं सांगायचं राहिलं. उलट पांढरंच आण म्हणलो. इथं ते कुणी कुणाला सांगतच न्हाई, पाळण्यातल्या लेकराला बी माहीत असतं. म्हणून सुचलंच न्हाई.

१७ मार्च
सकाळी मी दात घासून राहिलो तर ने. माझ्यापुढं येऊन उभा. हातात तो कुर्ता. मी उठायच्या आधी यानं हापशावर नेऊन साबण लावून खसाखसा घासला होता. हळदीला साबण लागला की काय होतं ते त्याला कुठून ठाऊक? पिवळ्याचं लालभडक झालं.
"बालाजी," म्हणला, "ये तो खून जैसा हो गया."
मग तिथंच हापशाच्या कट्ट्यावर बसला आन् सांगितलं. तो कुर्ता शांतीनं शिवलेला. दोघांचं इकडं यायचं ठरलं होतं तवा. गरम मुलुखात जायचंय म्हणून कापड तिनं हातानं पारखून घेतलं, सोता मशीनवर शिवलं. त्यांच्याकडं तसलं पातळ कोण घालतंय? ट्रंकेत तसाच पडून राहिला. काल पहिल्यांदा अंगात घातला. तुझ्या शेतात घालायचा म्हणूनच आणला होता, म्हणला.
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
कमल आतून आली. कुर्ता त्याच्या हातातून घेतला, साध्या पाण्यात खळबळला, मग लिंबू पिळून परत खळबळला. लाल गेलं, पिवळं राहिलं. दोरीवर घातला उन्हाच्या तोंडाला. आन् तिच्या हिंदीत म्हणली, "भाऊजी, घाई करना नहीं. ऊन निकालता हळद."
त्याला एक शब्द कळला न्हाई, पण मान हलवली.

१९ मार्च
ने. ला माझे जुने शर्ट काढून दिले. एकाची कॉलर गेलेली, एक निवडणुकीच्या प्रचारात मिळालेला. त्याची लोकरी टोपी शेवटी उतरवली, मी रुमाल बांधून दिला. आरशात बघून म्हणला, आता युनिफॉर्म बराबर झाला.
काम करू देत न्हाई मी. बाजेवर सावलीत बसून दोरीवरच्या कुर्त्यावर पहारा देतो. सुकला की पाणी शिंपडतो, उलटा करतो, परत उन्हाला. पिवळं कमी होऊन राहिलंय. केशरी दुधाएवढं.

२३ मार्च
आज पहाटे तो एकटाच विहिरीपर्यंत जाऊन आला. मधे कुठं थांबला न्हाई म्हणतो. मी खोटं समजलो, पण त्याचा श्वास ऐकला. शिट्टी वाजत न्हाई आता छातीत.
भाकरी खायला शिकला. ठेचा न्हाई जमत. कमल त्याला रोज थोडा थोडा देऊन राहिली, सवय लागंल म्हणती.
पहाटे चादर लागली त्याला! बर्फातल्या माणसाला! मी बोललो न्हाई काही, नुसतं बघितलं. म्हणला, चुप.

३० मार्च
नरसीला, संताच्या गावी, गेलो दोघं. पंजाबातून आलेली माणसं होती दर्शनाला, एक म्हातारे सरदारजी आन् त्यांचं घर. ने. त्यांच्यात असा मिसळला की मला विसरला. त्यांच्या सुनेनं जाड सलवार-कमीज घातलेली, घामाघूम. तर हा तिला समजावून सांगून राहिला. इथं सुती घालायचं, बाही पूर्ण, डोकं झाकायचं, दुपारी बाहेर निघायचं न्हाई. डिसेंबरात आलात तर अर्धा स्वेटर, नऊला मफलर काढायचा. आन् हळद निघायच्या दिसात पांढरं मुळीच आणायचं न्हाई, आणलं तर साबण लावायचा न्हाई.
सरदारजींनी इचारलं, तुमी इथलेच का?
ने. नं माझ्याकडं बघितलं, आन् व्हय म्हणला न्हाई, न्हाई बी म्हणला न्हाई. चहा प्यायला लागला.

३१ मार्च
कालचं डोक्यात घोळून राहिलं होतं, म्हणून आज बोललो. बाजेवर दोघं बसलो होतो. म्हणलं, दर हिवाळा इकडं काढ. दिवाळीला ये, हळद निघाली की जा. सफरचंदाचं कामबी बुडत न्हाई.
म्हणला, पाहुणा महिनाभर चांगला, मग जड होतो.
माझं डोकं सटकलं. म्हणलं, "मोजे काढून दिलेस तवा मी कोण होतो? नाव बी माहीत नव्हतं तुला माझं!"
आवाज चढला असंल. कमल बाहेर आली, आजारी माणसावर ओरडता का म्हणून मलाच बोलली. ने. उठून दोरीपाशी गेला आन् कुर्ता उलटा करून राहिला. करायची गरज नव्हती, सुकलेलाच होता.

१ एप्रिल
कुणीच तो विषय काढला न्हाई. कमलनं दुपारी गव्हाच्या शेवया केल्या, त्याला आवडतात म्हणून. दोघंबी जास्तीच गोड बोलून राहिलो.

५ एप्रिल
डाग गेला. उन्हात धरून बघितलं, खिशाच्या शिवणीत बारीक पिवळी रेघ आहे, बाकी काही न्हाई. कमलनं इस्त्री फिरवली. ने. नं कुर्ता घातला आन् शेतातून चक्कर मारून आला. आता शिजवायचं काम संपलंय, वाळलेल्या हळदीच्या पॉलिशला येळ आहे, म्हणून मीच जा म्हणलं. त्याच्यामागं थोडं अंतर ठेवून गेलो. मधेच थांबून काहीतरी बोलत होता. माझ्याशी न्हाई. मी दुसऱ्या बांधाला वळलो.

१० एप्रिल
ऊन चटकायला लागलं. पोराचा फोन, वरचा रस्ता मोकळा झाला, झाडं फुलावर येयची येळ. ने. ला आता इथं ठेवण्यात अर्थ न्हाई, मलाच दिसून राहिलं. मे महिन्यात आमचंच नरडं सुकतं.
उद्याची गाडी.

११ एप्रिल
सोडून आलो. घर मोकळं मोकळं लागून राहिलं.
सकाळी तो बॅग भरताना मी बघत होतो. आत कोट टाकला, टोपी टाकली, चादर, दवा, कमलनं दिलेली हळद. माझा प्रचाराचा शर्ट बी घेतला मागून. पायजमे घेतले. कुर्त्याची घडी बाजेवर तशीच राहिली. मी म्हणलं, अरे हा राहिला.
म्हणला, "तो इकडं घालायला शिवलाय. तिकडं कुठं घालू?"
कमलनं तो आमच्या ट्रंकेत ठेवला, डांबरगोळ्या टाकून. परत येतो म्हणला न्हाई. गाडी हलली तवा हात हलवला, रुमाल बांधलेला होता डोक्याला.

१९ मे
पारा कुठं गेलाय कुणास ठाऊक. दुपारी गाव सुन्न. बाहेर पडायचं तर तोंडाला फडकं, खिशात कांदा. ने. नं वरून फोटो पाठवला, अंगात स्वेटर! मागं बर्फाचा डोंगर. जळफळाट झाला माझा. कमलला दाखवला तर म्हणती, तब्येत भरली भाऊजींची.
खरंच भरलीय.

२२ जुलै
ने. चा फोन. नुसता इचारून राहिला, आता कसं आहे तिकडं. म्हणलं, आता यायचं तर बूट घरी ठेव. काळी माती तळव्याला अशी बसती की दोन पावलात माणूस वीतभर उंच होतो. रबरी चप्पल न्हाई तर अनवाणी. आन् कपडे एक जोड जास्तीचा, धुतलेलं चार दिवस वाळत न्हाई, आंबूस वास येतो.
म्हणला, मी येतो कुठं म्हणलं?
म्हणलं, मी बी ये कुठं म्हणलं? तू इचारलं, मी सांगितलं.
नवी हळद चांगली उगवली. कमरेपर्यंत येईल भादव्यात.

१४ सप्टेंबर
पोराचा फोन येऊन गेला. हिवाळ्यासाठी पप्पांची खोली तयार केलीय म्हणला, हीटर बसवलाय, दवाखाना बी जवळ. कौतुकानं सांगत होता. त्याचं बराबर आहे. बाप आहे त्याचा. मी चांगलं केलंस बाबा म्हणलं आन् ठेवला फोन.
खरं सांगायचं तर आतून तुटल्यासारखं झालं. कमलला म्हणलं, आता न्हाई येत तो. ती म्हणली, ट्रंकेतले कपडे उन्हाला घालायला झालेत.

३ ऑक्टोबर
उघाड पडली. कमलनं ट्रंक रिकामी केली. दोरीवर माझा जुना फौजी स्वेटर, तिचं लग्नातलं लुगडं, आन् मधे ने. चा कुर्ता. वारा भरला की त्यात कुणी असल्यासारखा दिसतो. मी लई येळ बाजेवर बसून राहिलो.

६ ऑक्टोबर
मळणीचं मशीन परत दारात. संध्याकाळी ने. चा फोन. सफरचंद गेलं म्हणला बाजारात, औंदा रंग चांगला धरला. पोराची खोली बघून आला, चांगली आहे, खिडकीतून थोडं आभाळ दिसतं म्हणला. मी हूं हूं करत राहिलो. मोज्याचं परत काढायचं न्हाई असं मनाशी ठरवलं होतं.
त्याचा श्वास ऐकू येत होता, सरळ.
ठेवायच्या आधी म्हणला, "बालाजी, नोव्हेंबरात तिकडं काय घालतात?"
मागच्या वर्षी सांगितलं होतं ते सगळं त्याला पाठ आहे. मी तरी परत सांगितलं. सकाळी मफलर, अर्धा स्वेटर. दुपारी पातळ सुती, ते आणू नको, इथं आहे.
बरं म्हणला.